कमरेची सुपारी

१

गावाहून घरी आली की मी आधी पाय धुते, मंग सरळ फ्रिज उघडते अन् दह्याचं भांडं पाहते. सवय आहे.

आमच्या घरी दही फक्त मलेच लावता येते. गजेंद्रनं लावलं तं तार सुटते, आचलनं लावलं तं आंबट ढाण. गजेंद्र माझा नवरा. लग्नाले वीस वर्षं होऊन गेली, पण त्याचं नाव घ्यायले मी आता आता शिकली. तोंडावर अजूनही 'अवो'च म्हणते. आचल आमची पोरगी, बारावीले आहे. मी चार दिवस बाहेर गेली की घरात दही नसे, मशीनवर फॉल लावायच्या साड्या तशाच पडून राहत, अन् बापलेक दोघंही खिचडी खाऊन तोंडं पाडून बसत. मले त्याचं वाईट वाटत नव्हतं. खरं सांगते, बरंच वाटे. आपल्यावाचून घर अडते, हे कोणत्या बाईले आवडत नाही?

त्या दिवशी चिखलदऱ्याहून दुपारी अमरावतीले आली, घरी येऊन फ्रिज उघडला, अन् दही लागलेलं होतं. चमच्यानं कापून काढावं असं घट्ट, वरतून सायीचा पातळ थर. बोट बुडवून चाटलं. गोड.

"आचल, दही कोणं लावलं वं?"

ती मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाली, "तूच नं."

"मी तं आता येऊन राह्यली."

"मंग जायच्या आधी लावलं असशील."

इतक्या दिवसांचं दही गोड राहते काय? पण पोरगी मोबाइलवर पाहून शिकली असंन अन् सांगायले लाजून राह्यली असंन, असं मी धरून चालली. मले कौतुकच वाटलं तिचं. वाटीभर खाल्लंही.

२

मी एकटी फिरायले लागली ते अकोल्याच्या एका लग्नापासून. मावसबहिणीच्या पोरीचं लग्न होतं अन् गजेंद्रनं ऐन वेळेवर दुकानाचं कारण काढलं. त्याचं बी-बियाण्याचं दुकान आहे, पेरणीच्या टायमाले त्याले उसंत नसते हे खरं. पण ते लग्न काही पेरणीत नव्हतं. रागारागात मी एकटीच बसस्टँडवर गेली अन् एसटीत खिडकीजवळ जाऊन बसली. खिडकी! आजवर खिडकी आचलची असे, आचल नसली तं गजेंद्रची, कारण त्याले मळमळते. मूर्तिजापूरले गाडी थांबली तं खाली उतरून गरमागरम भजे खाल्ले, उभ्यानं, मिरची चावत. 'तेलकट नको खाऊ' म्हणायले कोणी नव्हतं. तुमाले हसू येईन, पण ते भजे खाता खाता मले रडू आलं.

मंग काय, चटकच लागली. बार्शीटाकळीचं जुनं दगडी देऊळ पाह्यलं. नरनाळ्याचा किल्ला चढली. लॉजवाला विचारे, "मॅडम, सोबत कोण?" पह्यल्यांदा माझी जीभ अडखळली. नंतर मी त्याच्या डोळ्यात डोळे घालून सांगे, "कोणी नाही. खोली दाखवा." एकटीनं हॉटेलात बसून पोटभर जेवणं, रस्ता चुकली तं घाबरून न जाता विचारणं, स्वतःच्या मनानं एखाद्या ठिकाणी नुसतं बसून राहणं. हे सगळं मी चाळिशी उलटल्यावर शिकली बाप्पा. आवाज मोठा झाला माझा. पूर्वी दुकानदारानं खराब कापड दिलं तं मी मुकाट घरी आणे. आता तिथंच त्याच्या गल्ल्यावर आपटते.

शेजारची सिताराभाभी म्हणे, "रागिणीभाभी, तुमारी तो चाल ही बदल गयी."

अन् गजेंद्रनं कधी अडवलं नाही. हे मी सगळ्या नातेवाइकांत मिरवत सांगे. उलट आताशा स्वतः स्कूटरवर बसस्टँडपर्यंत सोडून देई. निघताना तळहातावर दही-साखर ठेवायची आपली रीत. ते काम आचलचं. "बिनधास्त जा," गजेंद्र म्हणे, "घराची चिंता नको करू." बहिणी म्हणत, नशीब काढलं वं तू. मीही तेच म्हणे. इतकी भोळी होती मी.

३

चिखलदऱ्याले होती तेव्हाच त्याचा फोन आला होता. त्यानं दुकान मोठं केलं होतं, नव्या जागेत सत्यनारायण घालायचा होता, अन् भटजीले दुसऱ्याच दिवसाची सवड होती.

"तू आजच्या आज निघून ये. पूजेले जोडीनं बसा लागते."

मी तेव्हा धुक्यात एकटीच बसून चहा पिऊन राह्यली होती. समोरची दरी दिसत नव्हती, नुसता पांढरा पडदा. असं सुख मले कधी भेटलं नव्हतं.

"मी नाही येत," मी म्हटलं. "लावा कमरेले सुपारी."

हे काही मी जगावेगळं नाही सांगितलं. बायको हजर नसली तं माणूस कमरेले सुपारी खोचून पूजेले बसते. ती सुपारी म्हणजे त्याची बायको. माझे काका बसले आहेत तसे, शेजारचे मास्तर बसले आहेत. पूजा आटोपली की सुपारी पाण्यात सोडायची, विषय संपला. गजेंद्र हसला. म्हणे, "चाल, तसं करतो."

तं घरी आली त्या दिवशी दुपारी ते दही, अन् संध्याकाळी दिवा लावायले देव्हारा उघडला तं आत ती सुपारी. तांदळाच्या छोट्याशा ढिगावर ठेवलेली. हळदकुंकू लावलेली, ताजं. खाली लाल खणाचा तुकडा.

"अवो, हे पाण्यात नाही सोडली?"

"राहून गेलं," गजेंद्र म्हणाला. "सोडतो."

तो हे सुपारीकडे पाहून बोलला, माझ्याकडे नाही. तेव्हा मले त्यात काही वाटलं नाही.

४

पुढच्या वेळी पुन्हा अकोल्याले गेली, तिथून बाळापूर. लॉजच्या गॅलरीत उभी राहून दुपारी घरी फोन लावला.

"जेवले काय?"

"हाव. वांग्याची भाजी अन् भाकर."

"भाकर कोणं केली?"

गजेंद्र पाणी प्यायले लागला. अन् तेवढ्यात, त्याच्या मागं, कोणीतरी धपकन खाली बसलं अन् म्हणालं, "हुश्श... माय वं!"

माझे गुडघे धरल्यापासून मी बसताना असंच म्हणते. अगदी असंच, 'माय' जरा लांबवून.

"कोण आहे घरात?"

"टीव्ही चालू आहे."

मी फोन ठेवला अन् स्वतःले समजावत बसली. फोनमध्ये आपलाच आवाज कधी कधी परत ऐकू येते, नेटवर्कचं असते ते. बीए केलं आहे मी, असल्या गोष्टीले भिणारी बाई नाही. पण मी तं उभी होती. मी बसलीच नव्हती, हुश्श म्हटलंच नव्हतं. मंग परत काय येईन?

घरी आली. एका गिऱ्हाइकाची जांभळी साडी मी अर्धा फॉल टाचून मशीनवर सोडून गेली होती. ती पूर्ण होऊन, घडी घालून ठेवलेली. मी उलटून पाह्यली. टाके माझेच. शेवटी मी दोऱ्याची गाठ दोनदा मारते, मंग तोंडानं तोडते. तशीच गाठ, अन् दोऱ्याचं टोक दाबून चपटं झालेलं.

"हे कोणं शिवली?"

"आई, काय करून राह्यली वं तू?" आचल म्हणाली. "तूच नं." अन् बोलता बोलता तिची नजर सैपाकघराच्या पडद्याकडे गेली अन् लगेच परत आली.

मी गच्चीवर गेली. पलीकडच्या गच्चीवर सिताराभाभी पापड वाळवत होती.

"गुस्सा हो क्या?" ती म्हणे. "काल तुमी कपडे वाळू घालून राह्यल्या होत्या, मैंने कितना आवाज दिया. पलटके देखेच नाही."

"काल मी बाळापूरले होती, भाभी."

ती हसली. मंग माझं तोंड पाहून तिचं हसू थांबलं. "तुमारी वो हरी साडी... किसी को दी है क्या?"

खाली येऊन मी कपाट उघडलं. हिरवी साडी जागेवर होती, नीट घडीत. मी घडीत हात घातला. आतून गरम होती ती, आताच कोणी अंगावरून उतरवून ठेवल्यासारखी.

मी कपाट लावलं अन् सैपाकाले लागली. माणूस काय करीन दुसरं? भाजी फोडणीले टाकली. गजेंद्र जेवायले बसला. पह्यला घास खाऊन त्यानं ताट जरासं बाजूले सरकवलं अन् म्हणाला, "आज मीठ बरोबर नाही पडलं." वीस वर्षांत त्यानं माझ्या सैपाकाले कधी नाव ठेवलं नव्हतं. आचल खाली मान घालून म्हणाली, "काल चांगली झाली होती."

भीती नंतर वाटली. आधी रडूच आलं.

५

मी ठरवलं, जे काय आहे ते मीच निस्तरीन. आजकाल मी रडत बसणारी बाई राह्यली नव्हती.

देव्हाऱ्यातली सुपारी रुमालात बांधली, पर्समध्ये टाकली अन् सांगितलं, धारणीले जाऊन येते. गजेंद्र खुश. "जा नं. आरामानं ये." आचलनं हातावर दही-साखर ठेवलं. ते दही मी लावलं नव्हतं. तरी खाल्लं.

परतवाड्याहून पुढं घाट लागला. सागाची झाडं, वळणावळणाचा रस्ता, एसटी खडखड करत चढून राह्यली. सगळ्या रस्त्यानं मी पर्स मांडीवर दाबून धरली होती. वाटे, आत काही हलून राह्यलं. मी स्वतःले म्हणे, गाडी हलते बाई, गाडी.

सेमाडोहले उतरली अन् सिपना नदीवर चालत गेली. पाणी थोडंच होतं, दगडावरून वाहत होतं. एक कोरकू बाई कपडे धूत होती, तिनं एकदा वर पाह्यलं अन् परत कामाले लागली. मी रुमाल सोडला. सुपारी तळहातावर घेतली. गुळगुळीत, कुंकवानं लाल. कोणाचा तरी हात धरल्यासारखी ऊबदार लागली, पण उन्हात पर्स तापलीच असंन.

"जाय बाप्पा," मी मोठ्यानं म्हटलं. "माझ्या घरात तुझं काम नाही."

अन् सोडली. डुबुक करून बुडाली. इतकं हलकं वाटलं की मी तिथंच दगडावर बसून खळखळून हसली. एकटी आली, एकटीनं केलं, कोणाले विचारलं नाही. पुढं धारणीले जाऊन मुक्काम केला. खोलीत पंखा करकरत होता, तरी लेकरासारखी झोपली. दुसऱ्या दिवशी बाजारातून आचलसाठी बांगड्या घेतल्या अन् गजेंद्रसाठी मोहाच्या फुलाचे लाडू. जाऊ दे, मी म्हटलं, झालं ते झालं, त्याचीही काय चूक, एक सुपारी सोडायची राहून गेली होती.

६

घरी पोचली तं भर दुपार. दार आतून लावलेलं. आमचं दार दिवसा कधी लावलेलं नसते.

आतून मशीनचा आवाज येऊन राह्यला होता. एका लयीत, मधेच थांबे, परत सुरू होई. मी दारात उभी राहून विचार करायले लागली. आचलले मशीन चालवता येत नाही. तिले धागाही ओवता येत नाही. एखादी बाई कामाले ठेवली असंन, असं म्हटलं. मले न सांगता? ठेवली असंन.

बेल वाजवली. मशीन थांबली.

गजेंद्रनं दार उघडलं, पण साखळी काढली नाही. फटीत अर्धं तोंड. दुपारचा हा माणूस घरी कसा?

"आलीस?" तो म्हणाला. "सांगितलं नाही येऊन राह्यली म्हणून."

"माझ्या घरी मी सांगून येऊ काय? साखळी काढा."

त्यानं काढली नाही. "अजून दोन-चार दिवस फिरून आली असती..."

"कोण आहे आत?" माझा आवाज चढला.

"हळू बोल," त्यानं मागं वळून पाह्यलं. "तिले मोठा आवाज सहन नाही होत."

वीस वर्षं. सासू बोलली, दीर बोलले, भाडेकरूच्या पोरांनी माझ्या डोक्याशी ढोल बडवला, मी तापानं फणफणली होती तेव्हा. या माणसानं माझ्यासाठी कधी कोणाले 'हळू बोल' म्हटलं नाही. मले दरवाजा फोडावासा वाटला.

"सुपारी मी नदीत सोडून आली," मी म्हटलं. "संपलं ते."

"माहीत आहे. देव्हारा रिकामा दिसला."

"मंग?"

"घरात सुपारीची काय कमी आहे, रागिणी?" तो अगदी शांत बोलून राह्यला होता, दुकानात गिऱ्हाइकाशी बोलते तसा. "पह्यली तू सांगितलं म्हणून लावली होती. हे दुसरी मी माझ्या मनानं लावली."

त्याच्या कमरेशी, शर्टाखाली, बारीकसा उंचवटा होता. पूजा नव्हती, काही नव्हतं. साधा मंगळवार होता.

त्याच्या खांद्यावरून मले सैपाकघराचा पडदा दिसला. पडदा जमिनीपासून वीतभर वर आहे, कितीदा म्हटलं होतं उसवून लांब करीन. त्याच्याखाली दोन पावलं उभी होती. माझी पावलं. डाव्या पायाच्या करंगळीजवळचं बोट माझ्यासारखंच वाकडं, अंगठ्याजवळच्या बोटांत माझ्यासारखेच जोडवे. फक्त टाचा माझ्या नव्हत्या. माझ्या टाचा नरनाळ्यानं, बार्शीटाकळीनं, सिपनेच्या दगडांनी भेगाळल्या आहेत. त्या टाचा गोऱ्या, मऊ होत्या. कधी उंबरठ्याच्या बाहेर न पडलेल्या.

"मी काय केलं तुमाले?" मी दारावर हात ठेवला. "काय कमी केलं मी?"

"काही नाही. तू चांगलीच आहे," गजेंद्र म्हणाला. "पण तुले आता कोणाची गरज नाही. तूच सांगत असते सगळ्याले. तिले आहे. ती कुठं जात नाही."

"हलकट! म्हणून मले बसस्टँडवर सोडत होते? म्हणून बिनधास्त जा?"

तेवढ्यात पडद्यामागून माझा आवाज आला. घरातला, जुना, बारीक. मी फिरायले लागायच्या आधी बोलत होती तसा.

"कोण आलं जी?"

"कोणी नाही," गजेंद्र मागं वळून म्हणाला. "तू बस."

"हुश्श... माय वं," आतून आलं. पडद्याखालची पावलं दिसेनाशी झाली.

७

"आचल!" मी ओरडली. "आचल, दार उघड. तुझी आई बाहेर उभी आहे!"

ती आली. सैपाकघरातूनच आली, पडदा बाजूले सारून, अन् तो परत नीट ओढून. तिच्या केसांले ताजं तेल लावलेलं होतं, दोन घट्ट वेण्या. ती लहान होती तेव्हा मी घालत होती तशा. फिरायले लागल्यापासून मले तेवढा वेळ कुठं होता?

तिचे डोळे लाल होते. माझ्याकडे पाहून राह्यली, मले ओळखून राह्यली. हे मी सांगते, ती मले ओळखत होती. तिच्या हातात वाटी होती.

"बाळा, साखळी काढ."

"आई," ती हळूच म्हणाली, "हात पुढं कर."

मी नको करायले पायजे होता. पण इतक्या वेळा केला होता. हात आपोआप फटीतून आत गेला. तिनं तळहातावर चमचाभर दही ठेवलं, वर चिमूटभर साखर. तिचं बोट माझ्या हाताले लागलं.

"जपून जाय," ती म्हणाली.

"कुठं जाऊ वं?"

गजेंद्रनं तिचा खांदा धरून तिले मागं घेतलं. दार लावलं, सावकाश, आवाज होऊ न देता. कडी बसली. आत मशीन परत सुरू झाली.

मी पायरीवर उभी. खांद्यावर बॅग, बॅगेत पोरीच्या बांगड्या. पलीकडे सिताराभाभी दारात आली, मले पाहून तिनं एकदा आमच्या बंद दाराकडे पाह्यलं, अन् पोराले आत ओढून स्वतःचं दार लावून घेतलं.

उन्हानं दही हातावर पातळ व्हायले लागलं, बोटांतून गळायले लागलं. सांडू द्यायचं नसते, म्हणून मी ते चाटलं. घट्ट, गोड. आमच्या घरी असं दही फक्त मलेच लावता येते.